टिकाऊतून टाकाऊ

'टाकाऊतून टिकाऊ' हा शब्दप्रयोग शाळेतल्या कार्यानुभवाच्या तासापुरता होता तोवर त्याने फारसे काही बिघडवले नव्हते. आइसक्रीमच्या काड्यांची झोपडी करून कोणाचे नुकसान होत नाही. परंतु हाच शब्दप्रयोग वृत्तपत्रांच्या पुरवण्यांतून आणि मोबाइलवरच्या चित्रफितींतून कपड्यांच्या कपाटापर्यंत येऊन पोहोचला आहे, आणि 'जुन्या कपड्यांना द्या नवे रूप' या मथळ्याखाली जे काही चालले आहे ते नेमके उलट आहे असे आमचे मत आहे. तेथे टिकाऊ वस्तूचे टाकाऊ केले जाते.

कृती वाचकांच्या परिचयाच्या असतीलच. जुन्या जीन्सचे पाय कापा, वरच्या भागाची पिशवी शिवा. टी-शर्टच्या बाह्या कापा, उशीचा अभ्रा तयार. ओढणीला लेस लावा, जुन्या पर्सवर आरसे चिकटवा, प्लॅस्टिकच्या बांगड्यांना रेशमी दोरा गुंडाळा. डाग पडला असेल तर त्यावर वारली चित्र काढा. (एका थोर चित्रपरंपरेच्या वाट्याला हळदीचे डाग लपवण्याचे काम यावे, याचे वैषम्य कोणालाच वाटत नाही.) साहित्याच्या यादीत ग्लू गन, फॅब्रिक ग्लू, ऍक्रिलिक रंग, मणी, टिकल्या आणि लेस. म्हणजे 'काहीही खर्च न करता' हे नवे रूप देण्यासाठी आधी दुकानात जायचे. शेवटी हाती येते ती न लागणारी पिशवी, आणि उरतात जीन्सचे दोन पाय, ज्यांचे काय करायचे ते कोणी सांगत नाही. गोंद आणि टिकल्या लागलेले कापड धुता येत नाही, आणि पुढे त्याचे फडकेही होत नाही.

आमचा पहिला आक्षेप शब्दावर आहे. कपड्याला 'टाकाऊ' म्हटले की त्याचा निकाल लागून जातो. मग त्याच्यावर कात्री चालवायला मन कचरत नाही. मराठीत मात्र जुन्या कापडाला असा एकच शब्द नव्हता. नवे लुगडे विरले की विरलेला भाग कापून दोन धड तुकडे जोडत. त्या जोडाला दंड म्हणत, आणि दंड घातलेले लुगडे आणखी काही काळ अंगावर निघे. त्यानंतर त्याची दुपटी आणि लंगोट होत, कारण तान्ह्या बाळाच्या त्वचेला नव्या कापडापेक्षा पन्नास वेळा धुतलेले सुती कापड मानवते. बायकांच्या महिन्याच्या चार दिवसांसाठीही त्याच्याच घड्या होत. याविषयी पुरवण्या अर्थातच मौन पाळतात. मग गोधडी किंवा वाकळ, मग फडके, मग पोतेरे. चिंध्या पिळून तेलात भिजवल्या की काकडा होई. देवळात पहाटे ओवाळला जाणारा काकडा तो हाच, आणि काकडआरतीचे नाव त्याच्यावरूनच पडले. ठिगळ, जोड, चिंधी, पटकूर, लक्तर हे शब्द आज आपल्याला केवळ दारिद्र्याचे वाटतात. पण त्यातला प्रत्येक शब्द कापडाची एक विशिष्ट अवस्था सांगतो, आणि त्या अवस्थेत त्याचे काय करता येईल तेही सुचवतो. भाषेचे अध्यापक म्हणून आम्हांला एवढेच म्हणायचे आहे की सात-आठ पायऱ्यांच्या जागी 'टाकाऊ' हा एकच शब्द आला, तेव्हा त्या पायऱ्यांवरची कामेही हातातून गेली.

दुसरा आक्षेप कौशल्याविषयी आहे. दुरुस्ती आणि सजावट या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि ही सदरे पहिलीच्या नावावर दुसरी खपवतात. रफू घ्या. चांगला रफूगार त्याच कपड्याच्या आतल्या शिवणीतून किंवा दुमडीतून धागे ओढून काढतो आणि भोकावर सुईने उभे-आडवे धागे पुन्हा विणतो. तो दागिना चिकटवत नाही, कापडच पुन्हा तयार करतो. उत्तर प्रदेशातील नजीबाबादच्या रफूगारांची या कामासाठी ख्याती आहे. किंवा सदऱ्याची कॉलर घ्या. दुमडीवर ती विरते, बाकी सदरा मात्र धड असतो. पूर्वी कॉलर उसवून, उलटवून पुन्हा शिवून घेत. विरलेली बाजू खाली जाई आणि सदरा पुढेही वापरात राही. हे घरच्या घरी, तासाभरात जमण्यासारखे आहे आणि त्याला दोऱ्याखेरीज काही लागत नाही. तरी 'सोप्या युक्त्या' सांगणाऱ्यांच्या यादीत ते नसते, कारण काम झाल्यावर छायाचित्रात दाखवायला काही उरत नाही. उत्तम दुरुस्ती दिसत नाही.

यावर उत्तर मिळते की आता 'दिसणारी दुरुस्ती' लोकप्रिय आहे. जपानी साशिको टाक्याच्या कार्यशाळा पुण्या-मुंबईतही होतात. साशिकोविषयी आम्हांला आदरच आहे. परंतु साशिकोचा मूळ टाका म्हणजे आपला धावदोरा. ज्या धावदोऱ्याने गोधडीचे थर एकत्र बांधले जातात, आणि ज्याने उत्तर कर्नाटकातल्या सिद्दी स्त्रिया कडेपासून मध्यापर्यंत फिरत फिरत कवंदी शिवतात व तिच्या कोपऱ्यांना 'फुले' लावतात, तो परदेशी नावाने शुल्क भरून शिकावा लागतो, ही आम्हांला विनोदाची गोष्ट वाटते. पण शिकणाऱ्यांपेक्षा शिकवणाऱ्यांवर आमचा राग अधिक आहे.

येथे एक प्रतिवाद येईल आणि तो हलका नाही. ठिगळाचे गोडवे कोणी गायचे? मनुस्मृतीच्या दहाव्या अध्यायात चांडाळांनी प्रेतांवरची वस्त्रे वापरावीत असा दंडक आहे. गावगाड्यात उतरलेले कपडे कोणाच्या वाट्याला येत हे सर्वांना ठाऊक आहे. डिसेंबर १९२७ मध्ये महाडच्या परिषदेत डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी स्त्रियांना लुगडे नेसण्याची जुनी पद्धत आणि अस्पृश्यतेची खूण ठरलेले दागिने सोडायला सांगितले ते यामुळेच. वस्त्र ही पत सांगणारी गोष्ट आहे. चिंध्यांचा अंगरखा घालणाऱ्या गाडगेबाबांना लोक गोधडेबुवा म्हणत; त्यांनी तो अंगरखा स्वेच्छेने पत्करला होता. ज्यांच्यावर तो लादला गेला त्यांनी तो फेकून दिला तर त्यात चूक काहीच नाही, आणि आमचे म्हणणे त्यांना उद्देशून नाही. ज्यांचे कपाट बंद होत नाही, त्यांना उद्देशून आहे. मुद्दाम फाडलेली जीन्स चढ्या भावाने विकत घेणारा आणि ठिगळाला नाक मुरडणारा वर्ग एकच आहे.

याच वर्गाला बोहारीण आठवत नाही. जुने कपडे घेऊन भांडी देणाऱ्या वाघरी समाजातील स्त्रियांच्या हातून ते कपडे जुन्या बाजारात जात. तेथे ते धुऊन, उसवलेले शिवून, इस्त्री करून पुन्हा विकले जात आणि कोणा मजुराच्या अंगावर चढत. दिल्लीतल्या याच व्यवहाराचा सविस्तर अभ्यास लूसी नॉरिस यांनी २०१० साली प्रसिद्ध झालेल्या पुस्तकात केला आहे. अजून दोन वर्षे अंगावर निघेल अशा सदऱ्याचे मोबाइलचे पाकीट करणारा माणूस पर्यावरणाचे काही भले करत नाही. एका माणसाचा सदरा आणि एका बाईची विक्री तो कमी करतो.

'शून्य खर्च' या दाव्याचेही तसेच. गोधडी शिवायला दुपारच्या दुपार जातात. त्या दुपारींना किंमत नव्हती, कारण त्या बायकांच्या होत्या, आणि नव्या सदरांतही त्यांची किंमत शून्यच धरली जाते. बायकांनी पुन्हा घरोघरी सुई हातात घ्यावी असे आम्ही मुळीच म्हणत नाही. पुरुषांनी गुंडी लावायला शिकावे, आणि ज्याला वेळ नाही त्याने कोपऱ्यावर यंत्र घेऊन बसलेल्या शिंप्याकडे जावे व त्याच्याशी दहा रुपयांसाठी घासाघीस करू नये.

अर्थात आजचे सगळे कापड दुरुस्त होत नाही हेही सांगितले पाहिजे. पॉलिस्टरचे पोतेरे पाणी टिपत नाही; नायलॉनच्या साड्यांची गोधडी सरकते आणि उन्हाळ्यात अंगाला चिकटते; सुती आणि कृत्रिम धाग्यांचे मिश्रण पुन्हा वेगळे करणे कठीण असते. अशा कापडाला शेवटच्या पायऱ्याच नसतात. म्हणून ते विकत घेतानाच विचार करावा लागतो, आणि हा सल्ला कोणत्याही पुरवणीत छापून येणार नाही, कारण शेजारच्याच पानावर महासेलची जाहिरात असते. निदान सदरकारांनी एका आठवड्यापुरती ग्लू गन बाजूला ठेवून दंड कसा घालतात आणि कॉलर कशी उलटवतात तेवढे आकृत्यांसह छापावे.