वीस तासांचा आठवडा

ब्रिटनमध्ये शिकावयास गेलेल्या भारतीय विद्यार्थ्याचा आठवडा सोमवारी सुरू होतो, हे विधान दिसते तितके साधे नाही. परदेशी विद्यार्थ्यांसाठी त्या देशाने केलेल्या व्हिसा-नियमांत आठवड्याची व्याख्याच करून ठेवलेली आहे : सोमवारपासून मोजलेले सात दिवस. पदवी वा त्यावरील अभ्यासक्रमाच्या विद्यार्थ्याने सत्रकाळात या सात दिवसांत २० तासांहून अधिक काम करावयाचे नाही. मग ते काम पगारी असो वा बिनपगारी. या आठवड्यात १० तासच केले म्हणून पुढल्या आठवड्यात ३० करता येत नाहीत. स्वतंत्र व्यवसायाला तर मुळीच परवानगी नाही. आपल्याकडे मात्र हा नियम पोचतो तो उलट्या बाजूने. परदेशी शिक्षणाच्या जाहिरातींत तो ‘आठवड्याला २० तास काम करण्याची मुभा’ होतो. मर्यादा म्हणून घातलेले कुंपण उत्पन्नाचे साधन म्हणून विकले जाते, आणि पुण्या-मुंबईपासून लातूर-जळगावपर्यंतची मध्यमवर्गीय घरे त्याच्या भरवशावर खर्चाची तोंडमिळवणी करू लागतात.

२०२३-२४ या वर्षात ब्रिटनमधील विद्यापीठांत दीड लाखाहून अधिक भारतीय विद्यार्थी होते व त्यांतले बहुसंख्य पदव्युत्तर अभ्यासक्रमाला होते. हा अभ्यासक्रम बहुधा एकाच वर्षाचा असतो. त्या वर्षातला एक आठवडा नीट तपासला तरी या भरवशाचे मोल कळते.

प्रथम उत्पन्नाची बाजू पाहू. एप्रिल २०२५ पासून तेथे २१ वर्षे व त्यावरील कामगाराचे किमान वेतन ताशी १२.२१ पौंड झाले. २० तासांचे २४४ पौंड होतात. महिन्याची सरासरी पडते १,०५८. त्याच सरकारने व्हिसा देताना विद्यार्थ्याचा निर्वाहखर्च जानेवारी २०२५ पासून लंडनबाहेर दरमहा १,१३६ पौंड आणि लंडनमध्ये १,४८३ पौंड धरला होता. त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात तो आणखी वाढवण्यात आला. म्हणजे कायद्याने दिलेला प्रत्येक तास एकही आठवडा न चुकवता विकला, तरी किमान वेतनावर खाण्याराहण्याचा खर्च निघत नाही. फीची तर गोष्टच नको. हा काही सरकारी हिशेबातला दोष नव्हे. विद्यार्थ्याने कामावर जगू नये, हाच त्या नियमाचा हेतू आहे.

अभ्यासाची बाजू याहून उद्बोधक आहे. तेथील मास्टर्स पदवी १८० श्रेयांकांची असते आणि प्रत्येक श्रेयांकामागे विद्यार्थ्याचे १० तासांचे श्रम गृहीत धरलेले असतात. एकूण १,८०० तास. वर्षाचे ४५ आठवडे धरले तर आठवड्याला ४० तास; एखाद्या पूर्णवेळ नोकरीइतके. पण विद्यार्थ्याच्या हाती पडणाऱ्या वेळापत्रकात अनेक विषयांत व्याख्याने व चर्चावर्ग मिळून १०-१२ तासच दिसतात. उरलेले तास ग्रंथालयात, वाचनात, टिपणांत आणि निबंध पुन्हा पुन्हा लिहिण्यात जावेत, अशी अपेक्षा असते. गोम आहे ती येथेच. आपल्याकडे तासिका, हजेरी आणि परीक्षेच्या आदल्या रात्रीचे गाईड यांच्या आधारे पदवीपर्यंत आलेल्या मुलाला वर्गाबाहेरचा वेळ हा मोकळाच वाटतो. आपला श्रेयांकही मुख्यतः वर्गातल्या तासांवर मोजला जातो. परदेशी पाऊल ठेवताच त्याला दिसतात आठवड्यातले २८ रिकामे तास, आणि समोर २० तासांचे काम. दोन्ही एकमेकांसाठीच केल्यासारखी!

लेस्टर, कव्हेंट्री, बर्मिंगहॅम अशा शहरांत हा आठवडा कसा जातो, याचे चित्र घरोघरच्या फोनवरून आता पुष्कळांना ठाऊक आहे. सोमवारी व्याख्यान असते, मंगळवारी चर्चावर्ग. बुधवारची दुपार अनेक विद्यापीठे खेळांसाठी मोकळी ठेवतात. तेथल्या मुलांसाठी ती फुटबॉलची वेळ, आपल्या मुलासाठी सुपरमार्केटातल्या पाळीची. गोदाम, उपाहारगृह, वृद्धाश्रम येथली कामे पुष्कळदा शून्य तासांच्या कराराची असतात. मालकाने किती तास द्यावेत याचे बंधन त्याच्यावर नसते. या आठवड्यात १८ तास मिळतील, पुढल्या आठवड्यात सहा. निरोप आला की जावयाचे. डिसेंबरात तेथे चारच्या आधी सूर्य मावळतो, आणि दुपारच्या पाळीला गेलेला मुलगा गाढ अंधारात परततो. शुक्रवारी-शनिवारी पाळ्या अधिक, कारण इतरांची तेव्हा सुटी. रविवारी इंग्लंडमधली मोठी दुकाने कायद्यानुसार सहाच तास उघडी असतात; तेवढ्यात आठवड्याचा तांदूळ, डाळ, कांदे आणून, पुढल्या चार दिवसांची आमटी शिजवून डब्यांत भरावयाची, कपडे धुवावयाचे, आणि हिवाळ्यात साडेपाच तास पुढे असलेल्या घड्याळाचे भान ठेवून आई झोपण्यापूर्वी फोन करावयाचा. ‘जेवलास का?’ या प्रश्नाला उत्तर असते. ‘अभ्यास कसा चालला आहे?’ याला ‘चालला आहे’ एवढेच.

कोणी म्हणेल, आठवड्यात १६८ तास असतात. झोपेचे ५६, अभ्यासाचे ४०, कामाचे २० वजा केले तरी ५२ उरतात, तक्रार कशाची? कागदावर हे खरे. पण वाचनाला लागणारा वेळ सुट्या पैशांसारखा असत नाही. बसमधली २० मिनिटे, पाळी सुरू होण्याआधीचा पाऊण तास आणि रात्री अकरानंतरचा दीड तास यांची बेरीज अडीच तासांहून अधिक भरते; पण त्या बेरजेत एखाद्या कठीण लेखाचे पहिले पानही नीट उलगडत नाही.

अर्थशास्त्रात ज्याला संधिखर्च म्हणतात, तो येथे पेन्सिलीने मांडता येतो. फी २० हजार पौंड धरू. अनेक अभ्यासक्रमांची ती कमी-अधिक असेल. लंडनबाहेरचा १२ महिन्यांचा निर्वाह १,१३६ प्रमाणे १३,६३२ पौंड. एकूण ३३,६३२. या रकमेने विकत घेतले काय, तर अभ्यासाचे १,८०० तास. म्हणजे प्रत्येक तास सुमारे १९ पौंडांना पडला. वाचनाच्या वेळेतून काढलेला प्रत्येक कामाचा तास हा १९ पौंडांना घेऊन १२ पौंडांना विकलेला माल आहे. कोणताही किराणा व्यापारी असा धंदा चार दिवस करणार नाही. कर्जाचे व्याज आणखी वेगळे. ३० लाखांच्या कर्जावर ११ टक्के दराने आठवड्याला ६,३०० रुपयांच्या वर व्याज चढते. पौंड ११० रुपयांचा धरला तर आठवड्यातले जवळजवळ पाच तासांचे काम केवळ त्या व्याजापुरते होते. शिक्षण संपेपर्यंत हप्ता नसतो म्हणून घरच्यांना हे जाणवत नाही, एवढेच.

परदेशातला अभ्यासाचा वेळ विकत घ्यावा लागतो, हे सत्य नवे नाही. डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९१३ मध्ये कोलंबिया विद्यापीठात गेले ते बडोदा संस्थानच्या शिष्यवृत्तीवर. तिची मुदत संपताच १९१७ मध्ये लंडनचा अभ्यास अर्धवट टाकून त्यांना परतावे लागले. त्यानंतर सिडनहॅम महाविद्यालयातल्या अध्यापनातून शिल्लक टाकून, शाहू महाराजांचे साहाय्य व मित्राचे कर्ज घेऊन १९२० मध्ये ते पुन्हा गेले आणि पोट मारून ग्रंथालयात बसले. त्या असामान्य पुरुषाची बरोबरी सामान्य विद्यार्थ्याशी करू नये. पण शिष्यवृत्ती म्हणजे काय, हे त्या तीन वर्षांच्या खंडातून स्पष्ट होते. ती पैशाच्या रूपाने दिलेला वेळ असते. राज्य शासनाच्या राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्तीसारख्या योजनांत निर्वाहभत्ता वेळेवर पोचणे हे म्हणूनच फीइतके महत्त्वाचे आहे. भत्ता दोन महिने लांबला तर ते दोन महिने मुलगा ग्रंथालयात नसतो.

दोष विद्यार्थ्याच्या माथी मारणे सोपे आहे, आणि बरेचसे अन्यायाचे. व्हिसासाठी बँकेत २८ दिवस रक्कम दाखवावी लागते. ज्या घरांत ती खरोखर मुलाच्या निर्वाहासाठी असते, तेथे आठवडा शाबूत राहतो. जेथे ती उसनवार आणून दाखवली जाते व मुदत सरताच परत जाते, तेथे विमानात बसण्याआधीच आठवडा मोडलेला असतो. पदव्युत्तर विद्यार्थ्याला उन्हाळ्यात तरी पूर्णवेळ काम मिळेल ही आशाही फोल आहे. प्रबंधाचे काम चालू असल्याने तो काळ त्याची सुटी मानला जात नाही. गेल्याबरोबर निदान पहिले सत्र तरी कामाविना काढता येईल एवढा निर्वाहखर्च कर्जात धरलेला नसेल, तर ते कर्ज मोठे असूनही अपुरे आहे, हे बँकेच्या अधिकाऱ्याने सांगावयास हवे. फी कमी असलेले विद्यापीठ किंवा एक वर्ष थांबून साठवलेली शिल्लक हे पर्याय त्या वेळी तरी मांडता येतात. महाविद्यालयांनाही एक गोष्ट करता येईल : शेवटच्या वर्षी एखाद्या विषयात तरी गाईडविना, पाच-सहा ग्रंथ वाचून, विद्यार्थ्याकडून एक दीर्घ निबंध लिहवून घेणे. २८ तासांचे काय करावयाचे, हे त्याला तेथे जाण्यापूर्वी कळेल.

ब्रिटनमधले मुख्य सत्र सप्टेंबरच्या अखेरीस सुरू होते. कर्जाचे अर्ज येथे उन्हाळ्याच्या सुटीतच भरले जातात. १६८ तासांचा तक्ता मांडावयाचा तो तेव्हा, तारणाच्या कागदावर वडिलांची सही होण्यापूर्वी.