वणव्यावर जगणारा पक्षी

रान राखायचे म्हणजे त्याला हात लावायचा नाही आणि वणवा दिसताक्षणी विझवायचा, अशी आपल्यापैकी पुष्कळांची समजूत असते. अमेरिकेतील मिशिगन राज्यात नेमके असेच वणवे विझवले गेले आणि कर्टलंड वॉर्बलर हा पिवळ्या पोटाचा इवलासा गाणारा पक्षी नामशेष व्हायची वेळ आली. हिवाळा बहामा बेटांवर काढून तो विणीसाठी मिशिगनच्या जॅक पाइन वृक्षांच्या रानात येतो. पण घरटे करतो ते पाच ते वीस वर्षांच्या कोवळ्या झाडांखाली, जमिनीवर. या झाडांचे शंकू आगीच्या धगीने उघडतात. वणवे थांबले, रान म्हातारे झाले. त्यातच काउबर्ड कोकिळेसारखा याच्या घरट्यात अंडी घालू लागला. १९७४ च्या गणतीत गाणारे नर भरले अवघे १६७!

मग माणसानेच जुनी झाडे तोडून रोपे लावली, काउबर्ड पकडले. १९८० साली मुद्दाम लावलेली आग हाताबाहेर जाऊन एका वनकर्मचाऱ्याचा बळी गेला. पुढे त्याच जळक्या भूमीवर हे पक्षी वाढले. हा हिशेब मला तरी सोपा वाटत नाही.

२०१९ साली त्याचे नाव संकटग्रस्तांच्या सरकारी यादीतून काढण्यात आले. पक्षी वाचला म्हणून टाळ्या वाजवण्याची घाई मात्र मी करणार नाही. लागवड थांबली, तर वीसएक वर्षांत ते रान त्याच्या उपयोगाचे राहणार नाही.