पंच नंबर दोन

मी पंच नंबर दोन. आज मुंबईच्या गोदीत ओझी उचलतो, कविता लिहितो. शिक्षण मॅट्रिक. गावच्या पंचांनी माझ्या आज्याला पारावर चढू दिलं नाही. नातवाला मात्र नांदेडच्या मजूर नाक्यावरून उचलून सरळ पंच केलं! तेव्हा मी एकोणीसचा. चहा पाजला, आधीच टाइप झालेल्या पंचनाम्यावर सही घेतली. पोती बांधलेली होती. गांजा कुठून निघाला, कुणी तोलला, सील कधी ठोकलं, मी काहीएक पाहिलं नाही. कोपऱ्यात ट्रकचा क्लीनर उकिडवा बसलेला. माझ्याच वयाचा. त्याला 10 वर्षं आणि 1 लाख दंड झाला.

कोर्टात मी खरं बोललो. सरकारी वकील म्हणाला, साक्षीदार फितूर! खोट्यावर सही केली तेव्हा मी प्रतिष्ठित नागरिक; खरं बोललो की फितूर. आणि पंच फिरला तरी पोलिसांच्या साक्षीवर शिक्षा टिकते.

आता त्याचं अपील आहे. दोस्तांनो, अपिलात सहसा साक्षीदार पुन्हा उभा राहत नाही. खाली कागदावर जे आलं तेच वर वाचतात. खाली वकिलाने उलटतपासणीत जे विचारलं नाही, ते वर कुठून येणार? गरिबाचं अपील खालच्या कोर्टातच मरतं.

मी विषाची वकिली करत नाही. 2021 मध्ये नायगाव तालुक्यात 1127 किलो गांजा सापडला, 2025 मध्ये चाकूरच्या रोहिन्यात एम.डी.चा कारखाना. हे विष आपल्याच वस्त्या खातं. पण 1985 चा एन.डी.पी.एस. कायदा बघा. 20 किलोच्या वर गांजा, तर किमान 10 वर्षं. कलम 54 प्रमाणे माल ताब्यात सापडला की गुन्हा गृहीत. कलम 37 जामीन अडवतं. अंगझडतीआधी मॅजिस्ट्रेट किंवा राजपत्रित अधिकाऱ्यापुढे नेण्याचा हक्क सांगायलाच हवा, असं सुप्रीम कोर्टाने 1999 मध्ये बलदेव सिंग खटल्यात ठणकावलं. पण तो हक्क अंगाला, पोत्याला नाही! 2020 मध्ये तोफान सिंग निकालाने अधिकाऱ्यापुढचा कबुलीजबाब पुरावा म्हणून बाद केला. त्याआधी दोनच महिने, मुकेश सिंग खटल्यात, फिर्याद देणारा अधिकारीच तपास करत असला तरी तेवढ्यावरून आरोपी सुटत नाही, असं ठरलं.

2 ऑक्टोबर 2021 ला मुंबई बंदरातच क्रूझवर धाड पडली. तिथल्या एका पंचानेही प्रतिज्ञापत्रात सांगितलं, कोऱ्या कागदांवर सह्या घेतल्या. अधिकाऱ्यांनी आरोप नाकारले, पण सगळा देश ऐकत होता. मे 2022 च्या आरोपपत्रात सिनेनटाच्या पोराचं नाव नव्हतं. ठीकच झालं. पुरावा नव्हता. पण माझ्या क्लीनरचा पंच कुणी ऐकला?

पोरांनो, नाक्यावरून पंच म्हणून उचललं तर माल बघा, काटा बघा, वाचल्याशिवाय सही करू नका. 1 जुलै 2024 पासून झडतीचं चित्रीकरण कायद्यानेच सक्तीचं केलंय. ते खालच्याच कोर्टात मागा, लावून बघा.

माझी सही त्याच्या पायात बेडी होऊन पडलीय. मला ती काढता येत नाही. तुमची पडू देऊ नका.