परक्यांनीं बिऱ्हाड केलें, आपल्यांनीं फटफटी घेतली



पहूरच्या बसथांब्यावर सकाळीं साडेनऊच्या सुमारास घटकाभर नुसतें उभें राहून पाहा. जळगांवकडून आणि जामनेरकडून फटफट्या येतात. त्यांवर आमच्यासारखे शाळामास्तर असतात. पाठीला पिशवी, पिशवींत डबा. ते पहूर पेठेंत, कसब्यांत आणि आसपासच्या खेड्यांत पांगतात. त्याच सुमारास त्याच खेड्यांतून पिवळ्या गाड्या बाहेर पडतात. त्यांत कुणब्या-माळ्यांचीं, सुतार-लोहारांचीं, तेल्या-कुंभारांचीं पोरें कोंबलेलीं असतात आणि तीं तालुक्याच्या इंग्रजी शाळेला निघालेलीं असतात. मास्तर गांवांत येतो, पोर गांवाबाहेर जातें, आणि दोघे फाट्यावर एकमेकांना ओलांडतात. संध्याकाळीं हाच खेळ उलट्या बाजूनें. मध्यें गांवची शाळा तेवढी उभी राहते. तिच्यांत ज्यांच्या बापाजवळ गाडीभाड्याचे पैसे नाहींत तीं लेकरें बसतात.

हा देखावा रोज पाहून आम्हांला दोनशें वर्षांपूर्वींच्या कांहीं बिऱ्हाडांची आठवण होते. तीं बिऱ्हाडें परक्यांचीं होतीं. शाळा चालविण्याकरितां तीं सातासमुद्रांपलीकडून आलीं आणि येथेंच राहिलीं. त्यांची गोष्ट आज सांगावयाची आहे, ती त्यांची आरती ओवाळण्याकरितां नव्हे. त्यांच्या आरशांत आम्हां मास्तरांचें तोंड दाखवावें, एवढाच हेतु आहे.

इ. स. १८१३ मध्यें गॉर्डन हॉल आणि सॅम्युएल नॉट हे दोन अमेरिकन पाद्री मुंबईस उतरले. नॉटची बायको बरोबर होती. शिडाच्या जहाजाचा प्रवास म्हणजे महिनोन्‌महिने खारें पाणी. मराठीचें अक्षर ठाऊक नाहीं, हवा सोसत नाहीं, सरकार कंपनीचें, आणि तेंही त्यांना ठेवून घ्यायला राजी नव्हतें. तरी ते राहिले, मराठी शिकले, शाळा काढल्या. हॉल १८२६ सालीं नाशिककडच्या फिरतीवर असतांना पटकीनें मेला. १८२९ सालीं स्कॉटलंडचा जॉन विल्सन आपली बायको मार्गारेट हिच्यासह आला. दोघांनीं प्रथम कोंकणांत राहून मराठी घोटली आणि मग मुंबईंत बाईनें मुलींच्या शाळा उघडल्या. अवघ्या सहा वर्षांत, १८३५ मध्यें, ती बाई मुंबईच्या मातीला मिळाली. सिंथिया फरार ही अविवाहित बाई १८२७ अखेर आली, १८३९ पासून अहमदनगरास (आतांच्या अहिल्यानगरास) मुलींना शिकवीत राहिली आणि १८६२ सालीं तेथेंच वारली. जोतीराव फुल्यांनीं तिच्या शाळा डोळ्यांनीं पाहिल्या होत्या. सावित्रीबाईंनीं शिक्षिकेचें शिक्षण तिच्याजवळ घेतलें, असें चरित्रकार सांगतात. स्वतः जोतीरावही पुण्याच्या स्कॉटिश मिशनच्या शाळेंत शिकलेले. म्हणजे १८४८ च्या आपल्या पहिल्या मुलींच्या शाळेच्या पायांत या परक्या बिऱ्हाडांचा एक दगड आहे, हें कबूल केलें पाहिजे.

कोणी म्हणेल, "अहो, ते धर्म बाटविण्याकरितां आले होते." होय, त्यांना आपला धर्म वाढवावयाचा होता आणि ते तें लपवीतही नव्हते. त्यांचा धर्म आम्हांला घ्यावयाचा नाहीं. परंतु महारामांगाच्या पोराला ज्या काळीं आमच्या लोकांच्या ओसरीवर पाय ठेवूं देत नसत, त्या काळीं या लोकांनीं त्याच्या हातांत पाटी दिली. हेतु त्यांचा त्यांच्यापाशीं. पाटी खरी होती.

आणि केवळ शहरांतच नव्हे. नेवासें तालुक्यांतलें वडाळा हें खेडें घ्या. तेथें फेअरबँक नांवाच्या अमेरिकन पाद्र्यानें बिऱ्हाड थाटलें. बायकोपोरांसह तो खेड्यांत राहिला आणि लोकांना आपली वाटावी म्हणून कीर्तनाची रीतही त्यानें उचलली. त्याचे मुलगेसुद्धां पुढें नगर जिल्ह्यांतच मिशनरी झाले. दुसरें घराणें ह्यूम यांचें. रॉबर्ट ॲलन ह्यूम १८४७ सालीं मुंबईंत जन्मला. तो लहान असतांनाच बाप मायदेशीं परततांना जहाजावर १८५४ मध्यें वारला. मुलगा अमेरिकेंत शिकून मोठा झाला आणि १८७४ सालीं पुन्हां नगरास येऊन शाळा, वसतिगृहें आणि पुढें दुष्काळांतलीं अनाथ पोरें सांभाळीत बसला.

शेतकरी बंधूंनो, बिऱ्हाड परमुलखांत रुजवणें म्हणजे काय, तें तुम्हांला आम्हीं सांगावें असें नाहीं. लग्न होऊन परगांवीं गेलेल्या प्रत्येक मायबहिणीला तें ठाऊक आहे. भाषा बदलते, पाणी बदलतें, चूल बदलते. शेजारीण पहिलें वर्षभर संशयानेंच पाहते. आणि मग एखाद्या आजारपणांत कोणी रात्रीचें दार वाजवतें, तेव्हां कोठें गांव आपला म्हणतो. हें सारें त्या गोऱ्या कुटुंबांनीं केलें.

परंतु गोष्ट येथें संपत नाहीं. त्यांनीं अर्धेंच केलें. उरलेलें अर्धें करतांना त्यांचे हात थबकले, आणि तो थबकलेला हातच आजच्या लेखाचा मुद्दा आहे.

त्यांचीं स्वतःचीं मुलें कोठें शिकलीं ? आयेच्या कडेवर मराठी बोलायला शिकलेलीं तीं पोरें शाळेच्या वयाचीं झालीं कीं त्यांना दूर धाडीत. कांहीं थेट विलायतेस व अमेरिकेस, कांहीं थंड हवेच्या डोंगरांवर. मसुरीस वूडस्टॉक ही शाळा १८५४ पासून होती. १९०१ सालीं अमेरिकन मिशनऱ्यांनीं दक्षिणेंत कोडाईकॅनाल येथें खास आपल्या मुलांकरितां शाळा काढली. ती आज आंतरराष्ट्रीय शाळा म्हणून चालते. आईबाप मैदानांत तापत आणि पोरें डोंगरावर वसतिगृहांत वाढत. भेट व्हायची ती सुटींत. त्यांची अडचण आम्हांला कळते. हिंवताप होता, पटकी होती, आणि मुलांना पुढें त्यांच्या देशाच्या कॉलेजांत जावयाचें होतें. पोर दूर धाडणाऱ्या आईच्या पोटांत काय कालवलें असेल, तें आईच जाणे. आम्ही तिला हंसत नाहीं.

पण परिणाम काय झाला तो पाहा. एक शाळा झाली लोकांच्या पोरांसाठीं, दुसरी झाली मास्तराच्या पोरांसाठीं. गोरें कुटुंब मराठी बोललें, भाकरी खाल्ली, येथल्या मातींत गाडलेंही गेलें. परंतु मास्तराचें पोर आणि मांगाचें पोर एका बांकावर बसलें नाहीं. त्यांच्या आणि आमच्या मध्यें समुद्र होता, त्यांचा देश दूर होता, म्हणून त्यांना थोडी तरी सबब होती.

आतां आम्हां मास्तरांची सबब काय ?

जोतीरावांनीं १८८२ सालीं हंटर कमिशनपुढें निवेदन दिलें. त्यांत त्यांनीं मागितलें कीं, प्राथमिक शाळेचे शिक्षक होईल तितके शेतकरी वर्गांतून तयार करावे. कारण भट शिक्षक सोंवळ्यामुळें लोकांपासून अलग राहतो, आणि शेतकऱ्याचा मुलगा मास्तर झाला तर तो लोकांत मिसळेल, त्यांच्या गरजा ओळखेल, वेळ पडल्यास नांगराच्या रुमण्याला किंवा सुताराच्या वांकसाला हात लावायला लाजणार नाहीं. बंधूंनो, जोतीरावांची मागणी पुरी झाली ! आज खानदेशच्या शाळा-शाळांतून कुणब्याचा, माळ्याचा, तेल्याचा, महाराचा, भिल्लाचा मुलगा मास्तर आहे. आणि तो काय करतो ? पांच वाजतां घड्याळ पाहतो आणि फटफटीला किक मारतो. जुन्या पंतोजीचें सोंवळें पाण्याचें होतें. आमचें सोंवळें पेट्रोलचें आहे. तो शिवत नव्हता, आम्ही थांबत नाहीं. फरक कोणता ? शेंडी नाहीं म्हणून भटशाही गेली असें कोणीं समजूं नये.

उलट, जातीनें ब्राह्मण असूनही मिसळणारे मास्तर याच खानदेशानें पाहिले आहेत. अमळनेरच्या शाळेंत १९२४ ते १९३० या काळांत साने गुरुजी होते. ते छात्रालयांत मुलांबरोबर राहिले, म्हणून गुरुजी झाले. आणि आपल्या सत्यशोधकांतले मुकुंदराव पाटील पाहा. "दीनमित्र" पत्र त्यांनीं पुण्यामुंबईहून नव्हे, तर तरवडी या खेड्यांतून चालविलें. तें खेडेंही नेवासें तालुक्यांतलेंच. खेड्यांत राहून छापखाना चालतो, तर खेड्यांत राहून शाळा कां चालूं नये ?

आमचे व्यवसायबंधु रागावतील. ते म्हणतील, "गांवांत राहण्याजोगें घर मिळत नाहीं, बायकोची नोकरी शहरांत आहे, निवडणूक-जनगणनेचीं कामें आमच्याच गळ्यांत." ही तक्रार खोटी नाहीं, शिक्षकाला कारकून करून ठेवणाऱ्या सरकारला त्याचा जाब विचारलाच पाहिजे. परंतु गांवांत न राहतां गांवांत राहतो असा दाखला आणून घरभाडें भत्ता उचलणारे आमच्यांत आहेत कीं नाहींत ? आणि सरपंचसाहेब, त्या दाखल्यावर सही कोणाची असते ? मास्तर खोटें लिहून आणतो आणि गांव त्यावर शिक्का मारतो. मग मास्तर मुलांना "खरें बोलावें" हा धडा कोणत्या तोंडानें शिकवणार ?

दुसरी सबब इंग्रजीची. इंग्रजी पाहिजे, यांत शंका नाहीं; जोतीरावही इंग्रजी शिकले होते. परंतु महाराष्ट्रांतल्या मराठी शाळांत २००० सालापासून पहिल्या इयत्तेपासूनच इंग्रजी विषय आहे. तो आमच्याकडून नीट शिकविला जात नसेल, तर दोष आमचा. त्याला गळ्यांतला टाय हें औषध नव्हे.

आतां स्वतःचें सांगतों. नाहीं तर हा लेख म्हणजे दुसऱ्याच्या घरचें केर काढणें होईल. आम्ही स्वतः कांहीं वर्षें असेच अप-डाऊन करीत होतों आणि आमची मुलगी तालुक्याच्या इंग्रजी शाळेंत होती. एके दिवशीं आम्ही एका शेतमजूर बाईला तिची पोर शाळेंत धाडीत नाहीं म्हणून रागें भरलों. बाईनें डोक्यावरची मोळी खालीं ठेवली आणि शांतपणें विचारलें, "गुर्जी, तुमची पोर कोनत्या शाळेत जाते ?" आमच्याजवळ उत्तर नव्हतें. पुढच्या जूनमध्यें आम्ही मुलीला आपल्याच शाळेंत बसविलें आणि गांवांत खोली घेतली. त्यानंतर एक चमत्कार घडला, आणि त्यांत देवाचा हात नव्हता. शाळेच्या मोरीला पाणी नव्हतें, तें आम्हांला चार वर्षें दिसलें नाहीं. पोटची पोर तहानलेली घरीं आली तेव्हां आठ दिवसांत दिसलें. ज्याचें जळतें त्याला कळतें.

हीच गोष्ट अलाहाबादच्या हायकोर्टाला २०१५ सालीं पटली. सरकारी पगार खाणाऱ्या लहानमोठ्या सर्व नोकरांनीं आपलीं मुलें सरकारी प्राथमिक शाळेंतच घालावींत, अशी तजवीज करण्याचा हुकूम त्यानें उत्तर प्रदेश सरकारला दिला. तो हुकूम कागदावरच राहिला. कां, तें सांगणें नलगे. ज्यांनीं अंमल करावयाचा त्यांचींच पोरें त्यांत सांपडत होतीं!

कोर्टाच्या हुकुमाची वाट पाहत बसूं नका. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्यानें गांवच्या शाळेची व्यवस्थापन समिति तुमच्या हातीं दिली आहे. तिच्यांत चारांपैकीं तीन वाटे सभासद आईबाप असावे लागतात, आणि निम्म्या बायका. पण पुष्कळ गांवीं त्या समितीच्या सभेचा कागद घरोघर अंगठ्यासाठीं फिरतो. म्हणून सांगतों, येत्या सभेला रोजंदारी बुडाली तरी जा आणि तीन प्रश्न विचारा. मास्तर, तुम्ही रात्रीं कोठें राहतां ? तुमचें लेकरूं कोणत्या शाळेंत आहे ? आणि या शाळेंत काय आणलें म्हणजे तुम्ही त्याला येथें बसवाल ? तिसऱ्या प्रश्नाचें उत्तर वहींत लिहून घ्या. तीच तुमच्या शाळेच्या मागण्यांची खरी यादी. ती घेऊन मास्तरासह जिल्हा परिषदेवर चाला. पटसंख्या कमी म्हणून लहान शाळा मोठींत मिसळण्याची भाषा कांहीं वर्षें चालली आहे. रिकामा बांक हेंच त्यांचें हत्यार आहे. त्या बांकावर पहिलें पोर मास्तराचें बसूं द्या, मग सरपंचाचें, मग तुमचें.

आणि गांवकऱ्यांनो, तुम्हीही अर्धें करूं नका. मास्तर राहायला आला तर त्याला जात विचारूं नका, भाडें दुप्पट सांगूं नका, दळणाला आणि दुधाला नड पडूं देऊं नका. वडाळ्यानें परदेशच्या गोऱ्याला जागा दिली. आपल्या कुणब्याच्या पोराला तुम्ही खोली देणार नाहीं?

परके समुद्र ओलांडून आले आणि पोराच्या बांकाशीं अडले. आपल्याला समुद्र ओलांडावयाचा नाहीं. आपल्याला पहूरचा फाटा ओलांडावयाचा आहे, आणि तोही एकदांच, बिऱ्हाड घेऊन.

— पहूरचा एक शाळामास्तर