न दिसणारे तेल

जुनी गाडी हौसेने सांभाळणारे लोकही इंजिन ऑइल तेवढे आठवणीने बदलतात. गिअरबॉक्स आणि डिफरेन्शियलचे तेल वर्षानुवर्षे तसेच राहते, कारण त्याचा दिवा डॅशबोर्डवर लागत नाही.

पद्मिनी, अ‍ॅम्बेसेडर, जुनी जीप यांत ताकद मागच्या चाकांना जाते, म्हणून ही दोन तेले वेगळी. डिफरेन्शियलमध्ये क्राऊन-पिनियनचे दाते एकमेकांवर घासत फिरतात. तिथे साधारणपणे जीएल-५ लागते. तेच गिअरबॉक्समध्ये ओतले, तर त्यातली रसायने सिंक्रोनायझरच्या पितळी रिंगा खाऊ शकतात. त्यामुळे दोन्हीकडे ‘९० नंबर’ टाकून मोकळे होऊ नये. गाडीचे मॅन्युअल पाहावे.

मोहल्ल्यातला जाणता उस्ताद आधी गाडी थोडी फिरवून तेल गरम करतो. खालचा बोल्ट काढण्याआधी वरचा, तेल भरायचा बोल्ट सैल करून बघतो. तो अडकला आणि खालून तेल गेलेले असले, तर गाडी जागीच उभी! निघालेल्या तेलात बारीक राखाडी पूड असली तर तो निश्चिंत असतो; धातूचा तुकडा दिसला की थांबतो.

ही पोरवयापासून कमावलेली विद्या आहे. तिच्या मजुरीवर घासाघीस करणे आपल्याला शोभत नाही. आणि उस्तादांनाही एक विनंती : काढलेले तेल गटारात सोडू नका.