राधानगरीचा विसर्ग आणि एका ओळीचा अर्थ

क्लाउड डेटा वेअरहाऊसमध्ये, म्हणजे भाड्याने घेतलेल्या दूरस्थ संगणकांवरील माहितीच्या कोठारात, साठवण स्वस्त पडते. म्हणून कच्च्या नोंदी जशाच्या तशा भराव्यात, त्यांचा अर्थ ज्याने त्याने पुढे लावावा आणि सिमँटिक मॉडेल रचण्यात, म्हणजे कोणती नोंद कोणत्या एककात आहे, ती कशाशी जोडायची व तिची बेरीज केव्हा करायची हे सर्वांसाठी एकदाच ठरवण्यात, वेळ दवडू नये, असे मत आग्रहाने मांडले जाते. साठवणीपुरते ते खरे आहे. पुढचे मात्र राधानगरीच्या धरणावर टिकत नाही.

कोल्हापूरच्या शाहू महाराजांनी भोगावती नदीवर उभारायला घेतलेल्या या ८.३६ टीएमसी, म्हणजे अब्ज घनफूट, क्षमतेच्या धरणाला सात स्वयंचलित दरवाजे असून, उघडलेल्या प्रत्येक दरवाजातून १४२८ क्युसेक, म्हणजे सेकंदाला तितके घनफूट, पाणी सुटते. वीजगृहाचे पाणी त्याहून वेगळे. चार दरवाजे उघडे आणि वीजगृहाचा विसर्ग १५०० धरला, तर एकूण ७२१२ क्युसेक होतात. परंतु वीजगृहाची नोंद धरणागणिक एका ओळीत आणि दरवाजांची नोंद उघड्या दरवाजागणिक एका ओळीत असेल, तर दोन तक्ते जोडताच ते १५०० चारदा मोजले जातात, बेरीज ११७१२ वर जाते आणि दिवसाला ०.६२ ऐवजी १.०१ टीएमसी पाणी सोडल्याचे दिसते. रकाना रिकामा नाही, ओळ दुबार नाही, या नेहमीच्या चाचण्यांत दोन्ही तक्ते निर्दोष ठरतात, कारण दोष नोंदीत नसून जोडणीत आहे.

म्हणून एक ओळ म्हणजे नेमके काय, हे आधी ठरले पाहिजे. राधानगरी, तुळशी आणि दूधगंगा या धरणांच्या एका दिवसाच्या साठ्यांची बेरीज करता येते, पण एकाच धरणाच्या सात दिवसांच्या साठ्यांची नाही. पावसाचे नेमके उलट, तो दिवसांवर बेरजेत धरतात, केंद्रांवर सरासरीत. आणि विसर्ग वेळेने गुणल्याखेरीज घनफळ होत नाही. हे नियम प्रत्येक अहवालात नव्हे, मॉडेलमध्येच लिहिले गेले पाहिजेत.

आवक वजा विसर्ग बरोबर साठ्यातील वाढ, हा ताळा जमला की मॉडेल शुद्ध, हे म्हणणेही अपुरे आहे. आवक बहुधा साठ्यातील बदल व विसर्ग यांवरूनच काढलेली असते, तेव्हा तो ताळा चुकीच्या विसर्गावरही जमतो. खरी पडताळणी मॉडेलबाहेरच्या आकड्याशी होते: दरवाजे उघडे असलेला एक दिवस घ्यावा, धरणावरच्या नोंदवहीतून त्याचा विसर्ग हाताने काढावा आणि मॉडेलच्या उत्तराशी ताडून पाहावा. ते जुळत नसेल, तर भोगावती पुढे ज्या पंचगंगेला मिळते, तिच्या काठच्या गावांना इशारा देण्याच्या कामी ते मॉडेल वापरू नये.