पखालजीचे देणे

बँकेच्या नोकरीत बीडला बदली झाली, तेव्हा एका वृद्ध खातेदाराने मला मन्सूरशहांच्या दर्ग्यात नेले. म्हणाला, ''साहेब, दिल्ली हलवणारा सेनापती या फकिराला गुरू मानायचा.'' तो सेनापती म्हणजे महादजी शिंदे. ग्वाल्हेरच्या घराण्याने ही श्रद्धा पुढे पिढ्यान्‌पिढ्या जपली.

महादजींचे मोठेपण आपण लढायांत मोजतो. मी जन्मभर खातेवह्या तपासल्या. त्यामुळे माझी नजर देण्याघेण्याकडे जाते.

१४ जानेवारी १७६१. पानिपतावर सर्वस्व बुडाले. पाय कायमचा अधू झालेल्या महादजींना राणेखान नावाच्या पखालजीने बैलावर घालून दक्षिणेकडे सुखरूप आणले. असे ऋण माणसे लवकर विसरतात. वैभव आले की उपकारकर्ता दारात नकोसा होतो. महादजींनी राणेखानाला भाऊ मानले, पदरी सरदारकी दिली. हा केवळ मनाचा मोठेपणा नव्हता, माणसाची पारखही होती. १७८८ साली गुलाम कादिरने बादशहा शाह आलमचे डोळे काढले, तेव्हा दिल्ली सोडवायला गेलेल्या फौजेचा प्रमुख हाच राणेखान होता. ज्या हातांनी पखाल वाहिली, त्यांनी तैमूरच्या वंशजाचे तख्त सावरले!

दुसरा हिशेब पगाराचा. १७८४ मध्ये पेशव्यांच्या नावे वकील-ए-मुतलकी मिळवून बादशाहीचा कारभार महादजींनी हाती घेतला, पण तिजोरी रिकामी होती. १७८७ च्या लालसोटच्या मोहिमेत पगार थकलेल्या बादशाही पलटणी शत्रूला जाऊन मिळाल्या. महादजी त्यातून शिकले. द बॉयनच्या कवायती पलटणींच्या खर्चासाठी त्यांनी दुआबातला मुलूख तोडून दिला. पगार वेळेवर मिळू लागला, तशी फौजही भक्कम झाली.

पण नुसता पगार पुरत नाही, हेही इतिहासानेच दाखवले. १२ फेब्रुवारी १७९४ रोजी पुण्याजवळ वानवडीला महादजी गेले. पुढे दौलतरावांच्या काळात, १८०३ च्या इंग्रजांशी झालेल्या युद्धात, अनेक युरोपीय अधिकारी ऐन वेळी चाकरी सोडून गेले. पगारापुरते जोडलेले माणूस पगारापुरतेच टिकते. पानिपतावर राणेखानाने महादजींना उचलले, तेव्हा त्याला कोणती जहागीर दिसत होती?

आज आपण सेनापतींचे पुतळे उभारतो, त्यांच्या नावाने मिरवणुका काढतो आणि ते आपल्याच जातीचे, आपल्याच धर्माचे असल्याचा दाखला मागतो. स्वतःला अभिमानाने 'पाटील' म्हणवणारा हा माणूस मात्र बीडच्या फकिरापुढे वाकला आणि एका पखालजीला 'भाई' म्हणाला. त्याचा वारसा हवा असेल, तर हे देणेही आपल्याच नावावर चढते. जमेची बाजू तेवढी आपली आणि देण्याची दुसऱ्याची, अशी वही कुठल्याही बँकेत चालत नाही.